वास्को येणार म्हणून

वास्कोचा फोन यायचा तो रविवारी, जेवणं आटोपल्यावर. दर रविवारी यायचाच असं नाही, पण त्याची आई आर्जिया दर रविवारी उशीला टेकून, केस नीट करून, दाराकडे कान लावून बसायची. फोन तिच्या खोलीबाहेरच्या बोळात होता. तिची मुलगी वेलिया हात पुसत जायची, ग्लासगोला पाऊस आहे का ते विचारायची, आणि मग वायर पुरेल तितकी ओढून फोन आईच्या पलंगाशी आणायची. त्यानंतर तिला खोलीत थांबायची मुभा नसे. आई हातानंच खूण करायची, माशी हाकलावी तशी.

त्या जूनमधल्या रविवारी वास्को म्हणाला, "सप्टेंबरात येतोय आम्ही. क्रूसाच्या सणाला. मी आणि मोयरा. तीन दिवस."

"खरंच?" वेलिया म्हणाली.

"खरंच म्हणजे? तिकिटं काढलीत. आईला दे."

लुक्का गावात त्या दिवशी दहा-बारा माणसांना तरी कळलं की आर्जियाचा मुलगा येतोय. पलंगावरून न उठता ही बाई बातमी कशी पसरवायची हे एक कोडंच होतं. खालच्या मजल्यावरची एर्सिलिया खिडकीत वाळत घालायला आली की आर्जिया वरून हाक मारायची, आणि एर्सिलियाला सांगणं म्हणजे अख्ख्या कालव्याच्या गल्लीला सांगणं. "तेरा वर्षांनी येतोय गं. माझ्यासाठी येतोय. सणाचं निमित्त."

वेलिया स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. तिनं ऐकलं, आणि शेंगा सोलत राहिली.

वेलिया तेव्हा साठीला टेकली होती. तीस वर्षं तिनं सिगार कारखान्यात काढली. तंबाखूचं ओलसर पान मांडीवरच्या फळीवर पसरायचं, आत भरण घालायचं, खळ लावून गुंडाळायचं, कातरायचं. हात तपकिरी होत आणि वास कातडीत शिरे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी आई म्हणायची, "पावाला तुझ्या हाताचा वास येतो." पाव ती बेकरीतून आणायची, हे सांगून उपयोग नव्हता.

लग्न तिचं ठरल्यासारखं होतं. कोर्रादो म्हणून रेल्वेतला मुलगा होता, शांत, जरा बुटका, बोलताना टोपी हातात फिरवणारा. त्याची बदली बोलोन्याला झाली, तेव्हा तो म्हणाला, लग्न करून जाऊ. वडील त्याच हिवाळ्यात गेले होते. वास्को एकोणिसाव्या वर्षी मामाच्या दुकानात ग्लासगोला गेला होता, मासे आणि बटाटे तळायला. "दोन वर्षं, फार तर," असं सांगून. आई म्हणाली, "वास्को परत येऊ दे, मग तू जा. मी का अडवते आहे? पण मला एकटीला टाकून दोघंही जाणार असाल तर आधी मला वडिलांशेजारी पुरा."

वेलियानं कोर्रादोला थांब म्हटलं. तो थांबलाही. वास्कोचं दुकान मात्र चाललं, मामाचं दुकान त्याचं झालं, मग मोयरा आली, मग मुलगा कॉलिन. कोर्रादोचं लग्न झाल्याचं वेलियाला बाजारात त्याच्या बहिणीकडून कळलं. बहीण बिचारी खाली मान घालून टोमॅटो निवडत होती. "तू रागावू नकोस गं," ती म्हणाली. वेलिया म्हणाली, "मी कशाला रागावू?" आणि घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, "बघ. खरा असता तर थांबला असता."

हे सगळं जुनं. वेलिया ते उगाळत बसणारी नव्हती. पण जूनपासून पुढं घरात जे सुरू झालं त्यानं जुन्या जखमांवरची खपली निघाली खरी.

आर्जियानं पलंगावरून मोहीम आखायला घेतली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, पाय निकामी, डोळे अधू, पण डोकं सेनापतीचं. पडदे धुवायचे. थोरल्या खोलीतला पलंग, म्हणजे तिचा स्वतःचा, वास्को आणि मोयराला द्यायचा. त्यावर तिच्या लग्नातली, कडेला भरतकाम केलेली चादर. आर्जिया स्वतः वेलियाच्या खोलीत झोपेल. वेलिया स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर.

"आणि तोर्देल्ली करायच्या," आई म्हणाली. "कणकेत भरायचा खिमा जाडा ठेव, वरचा रस्सा आदल्या दिवशी कर. त्याला मुरलेला लागतो."

"माहीत आहे आई."

"माहीत असतं तर गेल्या नाताळाला पाणचट झाला नसता. दुसऱ्या दिवशी ससा, ऑलिव्ह घालून. तिसऱ्या दिवशी तो निघणार, तेव्हा काहीतरी हलकं. आणि बडीशेपेचा गोड पाव बांधून द्यायचा."

"तीन दिवस ते घरीच जेवतील असं नाही."

"मग कुठं जेवतील? आई असताना खानावळीत?"

सगळ्यात मोठा बेत मिरवणुकीचा. तेरा सप्टेंबरला संध्याकाळी गावातल्या सगळ्या खिडक्यांत, कमानींत, चर्चच्या कोरीव कामावरसुद्धा मेणबत्त्या लागतात, आणि सान फ्रेदियानोपासून कॅथेड्रलपर्यंत, तिथल्या काळ्या लाकडाच्या ख्रिस्ताच्या दर्शनाला, मिरवणूक जाते. परदेशी गेलेले गावकरी त्या दिवशी परत येतात आणि आपापल्या देशाचा फलक धरून त्यात चालतात. आर्जिया सहा वर्षं जिना उतरली नव्हती. "मला खाली न्यायचं," तिनं सांगितलं. "खुर्चीत. वास्को माझ्या बाजूला उभा राहील. लोकांना बघू दे."

तिसरा मजला, अरुंद जिना, वळणावर माणूस अडकेल असा. वेलिया चर्चच्या रुग्णसेवा मंडळात जाऊन बसली. तिथल्या माणसानं आधी डोकं खाजवलं, सणाच्या दिवशी माणसं कुठून आणू म्हणाला. वेलिया दोनदा गेली, तीनदा गेली. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई. चौघं देतो. पण परत वर न्यायचं ते आमच्या वेळेनं." घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "वास्कोनं एका फोनवर केलं असतं."

ऑगस्टच्या शेवटी फोन आला तो आडवारी, सकाळी. आर्जिया डुलकी काढत होती.

"वेलिया, सगळं नक्की झालं," वास्को म्हणाला. त्याचं बोलणं आता विचित्र झालं होतं, आपल्याच भाषेतला पाहुणा असल्यासारखं. "मोयरानं झकास आखलंय. बारा तारखेला संध्याकाळी पोचू. कोटाबाहेर एक हॉटेल घेतलंय, पोहण्याचा तलाव आहे. तेराला सकाळी सायकली घेऊन कोटावरून चक्कर, मग तो माथ्यावर झाडं असलेला मनोरा, फोटो. दुपारी पिसा. संध्याकाळी मिरवणूक. चौदाला फ्लॉरेन्स, पूर्ण दिवस. पंधराला विमान."

वेलिया वाट बघत राहिली. "आणि आई?"

"आईकडे तेराला. एक ते अडीच. पिसाची गाडी पावणेतीनला आहे ना."

"दीड तास?" वेलियाचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. "वास्को, दीड तास? तेरा वर्षांनी येतोस. तिनं तुमच्यासाठी पलंग रिकामा केलाय."

"अगं, कुणी सांगितलं तिला? मोयराला दुसऱ्याच्या घरी झोप येत नाही."

"दुसऱ्याच्या?"

"तू शब्द पकडू नकोस. आईला दगदग नको म्हणूनच म्हणतोय. म्हाताऱ्या माणसाला फार वेळ पाहुणे सोसत नाहीत."

"तू पाहुणा आहेस हे तिला माहीत नाही."

पलीकडे मोयराचा आवाज आला, मग भांड्यांचा. वास्को म्हणाला, "हे बघ, मोयराचं सगळं बुकिंग झालंय. तिनं महिनाभर पुस्तकं वाचून हे आखलंय, आता मी त्यात फिरवाफिरव केली तर घरात युद्ध पेटेल. तू आईला नीट सांग. तुला सांगता येतं तिला."

फोन ठेवल्यावर वेलिया बोळात उभी राहिली. दार किलकिलं होतं. आतून आई म्हणाली, "कोण गं?"

"गॅसवाले."

"गॅसवाल्याशी इतकं कसलं भांडण?"

"भांडत नव्हते."

त्या आठवड्यात वेलिया एर्सिलियाकडे दोनदा जाऊन बसली. एर्सिलियाचं म्हणणं साफ होतं. "सांगून टाक. मुलाची करणी आहे, मुलाच्या पदरात पडू दे. तू का पांघरूण घालतेस?"

"ती मोडून पडेल."

"आर्जिया? आर्जिया आपल्या दोघींना पोचवून मग जाईल."

पण वेलियाला ते जमलं नाही. पलंगावर आई लग्नातल्या चादरीची कडा बोटांनी चाचपत होती, कुठं उसवलंय का बघत होती. तिच्याकडे बघून वेलिया म्हणाली, "आई, वास्कोचा निरोप आलाय. मोयराची पाठ धरलीय. डॉक्टरांनी तिला खास गादी सांगितलीय. म्हणून ते झोपायला हॉटेलात जातील. आणि मिरवणुकीच्या दिवशी दुपारचे जेवायला येतील."

आईनं चादर घडी केली. मग म्हणाली, "पाठ. तिची पाठ नेहमीच धरते."

तेरा तारखेला पहाटे उठून वेलियानं कणीक मळली. रस्सा आदल्या दिवशीच मुरवून ठेवला होता. एर्सिलियानं वर येऊन आर्जियाचे केस कुरळे केले, मोत्यांच्या कुड्या घातल्या, गालांना थोडी लाली लावली. आर्जिया आरशात बघून म्हणाली, "मेल्यावरसुद्धा अशीच ठेवा." बारापासून ती जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून होती, पाठ ताठ.

एक वाजला. पाव तास गेला. खाली सायकलींच्या घंटा वाजत होत्या, पण त्या पुढं निघून जात होत्या. दीडला पाच कमी असताना जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला.

वास्को अंगानं सुटला होता. टक्कल पडलं होतं, नाक उन्हानं लाल झालं होतं आणि सायकलवाल्यांची अर्धी चड्डी घातली होती. मोयरा उंच, हाडापेरानं मजबूत बाई, गळ्यात कॅमेरा. ती आल्या आल्या हसली, तिन्ही खोल्यांत डोकावून बघितलं आणि वास्कोला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" आर्जियानं विचारलं.

"म्हणते, किती जुनं आणि छान आहे."

"जुनं आहेच. बस. इथं, माझ्याजवळ. इकडे चेहरा कर." तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अधू डोळ्यांनी न्याहाळला. वास्कोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, वेलियालाही ते मान्य करावं लागलं. त्यानं आईच्या खांद्यावर चौकड्यांची लोकरी शाल घातली, बिस्किटांचा डबा पुढं ठेवला. वेलियाला मोयरानं भांडी पुसायचं एक फडकं दिलं. त्यावर ग्लासगोचा नकाशा छापलेला होता.

तोर्देल्ली आल्या. मोयरा मांस खात नव्हती. हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ताटली हळूच बाजूला सारली आणि पाव आणि अंजिरं खाल्ली. वास्को मात्र हावरटासारखा जेवला, मिटक्या मारत, लहानपणी जेवायचा तसा. आर्जिया स्वतः घास घेईना. त्याचं तोंड हलताना बघत राहिली.

"रस्सा कसा झालाय?"

"आई, असा रस्सा जगात कुठं मिळत नाही."

"मी सांगून करवून घेतला," आर्जिया म्हणाली.

वेलिया उठून ताटल्या गोळा करायला लागली.

मग वास्कोनं घड्याळाकडे बघितलं. चोरून बघितलं, पण टेबलाभोवतीच्या तिन्ही बायकांनी ते पाहिलं. आर्जिया त्याचा हात थोपटत म्हणाली, "आज रात्री इथंच झोपा ना. पलंग घातलाय. एक रात्र पाठ काय म्हणेल?"

वास्कोनं वेलियाकडे पाहिलं. "पाठ?"

"मोयराची," वेलिया घाईनं म्हणाली. "सांगितलं नव्हतं का आई, डॉक्टरांनी..."

"हो, हो. पाठ," वास्को म्हणाला. "त्याचंच काय ते." मोयरा दोघांकडे आळीपाळीनं बघत हसत होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं. अडीचला ती उठलीच.

"संध्याकाळी मी तुझ्याजवळ येतो आई. सान फ्रेदियानोपाशी. नक्की."

जिन्याच्या वळणावर त्यानं वेलियाला गाठलं. "बरी आहे की गं. तू फोनवर म्हणायचीस तेवढी काही खचलेली नाही. गाल बघ कसे लाल आहेत."

"एर्सिलियानं रंगवलेत."

तो हसला. मग त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाला, "तू नशीबवान आहेस, वेलिया. तुला तिच्याजवळ राहायला मिळालं. मी तिकडे किती तळमळतो तुला कल्पना नाही."

"मग अदलाबदल करू. तू राहा, मी तळमळते."

"तू अजून तशीच आहेस," तो म्हणाला. खालून मोयरानं हाक मारली, आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

संध्याकाळी चौघांनी आर्जियाला खुर्चीसकट खाली आणलं. वळणावर खुर्ची कलली तेव्हा ती ओरडली नाही, फक्त डोळे मिटून घेतले. सान फ्रेदियानोच्या कोपऱ्यावर, उजेडात, नवी चौकड्यांची शाल लपेटून ती बसली. ओळखीचे लोक येऊन विचारत, "मुलगा कुठं?" ती सांगे, "येतोय." डाव्या बाजूची जागा तिनं हातानं अडवून धरली होती. कुणी तिथं उभं राहिलं की म्हणायची, "इथं नको, इथं माणूस आहे."

मिरवणूक निघाली. पाद्री गेले, बॅंड गेला, जुन्या काळच्या पोशाखांतले लोक गेले, मग परदेशी गेलेल्यांचे फलक आले. स्कॉटलंडच्या फलकामागं वास्को चालत होता. आता कोट घातला होता, छातीवर फीत लावली होती. बाजूच्या माणसाशी बोलत होता. कोपऱ्याशी आल्यावर त्यानं आईला पाहिलं, हात उंच करून हलवला, ओठांवर बोटं ठेवून मुका फेकला. ओळ पुढं सरकली, तोही सरकला.

वेलियाला वाटलं, पुढच्या गल्लीतून वळून येईल. रुग्णसेवेची माणसं नऊला परत आली आणि म्हणाली, चला. आर्जिया म्हणाली, "पाहिलंस? मधोमध चालत होता. फलकाच्या लगेच मागं." वर जाईपर्यंत ती हेच बोलत होती.

चौदाला फ्लॉरेन्स झालं. पंधराला विमानतळावरून फोन आला, गर्दीत नीट ऐकू येत नव्हतं. "पुढच्या खेपेला जास्त दिवस," वास्को ओरडून म्हणाला.

आणि मग सुरू झालं ते आईचं. आधी सहज, बोलता बोलता. "फडकं दिलं तिनं तुला, तू धन्यवादसुद्धा नीट म्हणाली नाहीस." मग, "तिला मांस चालत नाही हे विचारायला नको होतं? यजमानीण म्हणवतेस." ऑक्टोबर लागला, थंडी पडली, आणि आर्जियाचं ठरलं. वेलियानंच त्यांना राहू दिलं नाही.

"तुझं तोंड बघून कोण राहील?" ती म्हणाली. वेलिया तिचे पाय चोळत होती. "दारात उभी राहिलीस ती फौजदारासारखी. माझं पोर तेरा वर्षांनी आलं आणि त्याला आपल्या घरात बसावंसं वाटलं नाही. सूड घेतलास तू माझ्यावर. त्या रेल्वेवाल्याचा."

वेलियाचे हात थांबले. इतक्या वर्षांत आईनं कोर्रादोचं नाव काढलं नव्हतं, आताही काढलं नाही.

"आई," ती म्हणाली, "पाठबिठ काही नव्हतं. तो आधीपासूनच हॉटेलात उतरणार होता. तुझ्यासाठी दीड तास ठेवला होता, पिसाच्या गाडीआधी बसतो तेवढा. मी त्याच्याशी भांडले. तुला वाईट वाटू नये म्हणून मी ते पाठीचं रचलं."

आर्जियानं छताकडे पाहिलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पाय गेलेत माझे, कान नाही गेले. गॅसवाल्याला कुणी 'तेरा वर्षांनी येतोस' म्हणतं का?"

"मग मला का बोलतेस रोज? सगळं माहीत असून?"

"मग कुणाला बोलू?" आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, जणू मिठाचा डबा कुठंय ते सांगत होती. "त्याला बोलले तर तो फोन करायचा थांबेल. तुला बोलले तर तू काय करशील? कुठं जाशील?" थोडं थांबून ती म्हणाली, "पाय झाक. गार लागतंय."

वेलियानं पाय झाकले.

त्यानंतर तिनं आईचं काही कमी केलं नाही. औषध वेळेवर, अंथरूण बदलणं, केस धुणं, सूप गाळून देणं, सगळं पूर्वीसारखं. पण बोलणं थांबलं. मुद्दाम ठरवून नव्हे, आतून येईनाच. "उठ", "वळ", "तोंड उघड" एवढंच. आर्जियानं आधी शिव्या दिल्या, मग गप्पा मारायचा प्रयत्न केला, एकदा तर वेलियाच्या सुपाची स्तुती केली, आयुष्यात पहिल्यांदा. वेलियानं वाटी उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. नंतर एर्सिलियाला ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, बोलावं काहीतरी. पण तोंडात काही नव्हतंच गं."

फेब्रुवारीत आर्जिया गेली. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवशी ती दोनदा "वास्को" म्हणाली आणि एकदा "पाणी".

वास्को एका दिवसासाठी आला, एकटाच. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला आणि हमसून हमसून रडला. लोक ओळीनं आधी त्याच्याकडे गेले, त्याचे हात धरले. पाद्री प्रवचनात म्हणाले की सप्टेंबरमधली ती भेट म्हणजे देवाची कृपाच, आईला डोळे मिटण्याआधी मुलाला डोळे भरून बघता आलं. मुलीनंही सेवा केली, असंही ते म्हणाले. वेलिया कोरड्या डोळ्यांनी बसली होती. मागच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "मुलगा तो मुलगाच. आणि ही बघ, दगड." ते तिला नीट ऐकू आलं.

स्मशानातून परतताना वास्को म्हणाला, "बरं झालं मी सप्टेंबरात आलो. नाहीतर आयुष्यभर मनाला खात राहिलं असतं."

"आता नाही खाणार?"

"नाही. शांत वाटतं." त्यानं नाक पुसलं. "आता तू मोकळी झालीस. ये ग्लासगोला. तीन-चार दिवस. मोयरा सगळं आखून देईल."

"वास्को," वेलिया म्हणाली, "तुझी गाडी चुकेल."

रविवारचे फोन काही दिवस येत राहिले. वेलिया बोळात उभी राहून ते वाजताना ऐकायची. उन्हाळ्यापर्यंत तेही बंद झाले. ती आईच्या खोलीत झोपायला गेली नाही, आपल्याच खोलीत राहिली. तिचा स्वभाव त्या वर्षात फार तिखट झाला. खाटकाशी भांडली, बेकरीतल्या पोरीला रडवलं. एर्सिलिया एकदा न राहवून म्हणाली, "अगं, थेट आर्जिया बोलल्यासारखं वाटतं." वेलिया म्हणाली, "वाटू दे. तेवढंच मला मिळालंय."

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी दाराची घंटा वाजली. दारात एक तरुण मुलगा होता, पाठीवर पिशवी, मागं एक लाल केसांची मुलगी. त्याचे कान वास्कोचे होते, बाहेर आलेले. वेलियानं त्याला पाहताक्षणी ओळखलं. तो कॉलिन होता. आजीचं घर त्यानं एकदाच, अगदी लहानपणी पाहिलं होतं.

मोडक्यातोडक्या भाषेत, शब्द आठवून आठवून तो म्हणाला, "माफ करा. आम्ही दोन दिवस लुक्का बघायला आलोय. माझी आत्या... वेलिया. इथं राहते?"

ती मुलगी मागून हसली, तिच्या हातात फुलं होती. विकत घेतलेली, कागदात गुंडाळलेली.

"ती इथं राहत नाही," वेलिया म्हणाली.

"कुठं...?"

"माहीत नाही. गेली."

मुलगा गोंधळला. त्यानं दारावरचं नाव पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि काही विचारावं की नाही या विचारात उभा राहिला. शेवटी "आभारी आहे" म्हणून तो वळला. वेलियानं दार लावलं. जिन्यातून दोघांचं बोलणं ऐकू येत राहिलं, मग खालचं दार आपटलं.

संध्याकाळी एर्सिलिया वर आली ती रागानं लाल होऊन. त्या पोरांनी खाली तिच्याकडे चौकशी केली होती, आणि तिनं त्यांना सांगितलं होतं की वेलिया वरच राहते, नीट वाजवा घंटा. "ते म्हणाले, आम्ही वाजवली. त्या बाई म्हणाल्या ती गेली. मी काय बोलणार? मी म्हटलं, मग गेली असेल." ती खुर्चीत बसली. "वेलिया, त्या पोराचा काय दोष गं?"

"काही नाही."

"मग?"

वेलिया कांदा चिरत होती. "फुलं कुठं ठेवली त्यांनी?"

"माझ्याकडे दिली. आणू वर?"

"नको. तुझ्याकडेच राहू दे," वेलिया म्हणाली, आणि कांदा तव्यात टाकला.